आई शाकाहारी, बाजार थाई आणि तोही देवळाच्या आवारात

प्रश्न: डिसेंबरात आईला घेऊन थायलंडला चालले आहे, त्यातले चार दिवस चिआंग माईत. तिथे रविवारी संध्याकाळी भर रस्त्यात बाजार भरतो आणि देवळांच्या आवारात खाण्याच्या गाड्या लागतात असं वाचलं. मी सगळं खाते. आई ६८ वर्षांची, पक्की शाकाहारी. अंडं केकमधलं, ‘दिसलं नाही तर’ चालतं. गुडघे दुखतात, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. तिचं म्हणणं एकच, “तू जा, खा, फीर. मी खोलीवर दशम्या-चटणी खाईन.” मला तिला खोलीवर बसवून ठेवायचं नाहीये. पण तिला तिथे नक्की काय खायला घालू आणि फसगत कशी टाळू? — एक वाचक, ठाणे

उत्तर:

आईला बाजारात न्याच, आणि दशम्याही न्या. या बाजारात शाकाहारी माणसाला गोड आणि भाजके पदार्थ हवे तितके मिळतात. पोटभर जेवण म्हणावं असं तिखट-मिठाचं मात्र फार थोडं मिळतं. तेव्हा साडेचार-पाचला निघताना आईने एखादी दशमी खाऊन घ्यावी. पोटाला आधार असला की “माझ्यासाठी इथे काहीच नाही” हे वाक्य तोंडावर येत नाही, आणि समोर दिसेल ते चवीपुरतं खायला मन मोकळं राहतं.

खरं काम ठाण्यातच करायचं आहे. दोन गोष्टी आईला निघण्याआधी सांगा, तिथे गेल्यावर नको.

पहिली गोष्ट अशी की देवळाच्या आवारात मांस भाजलेलं आणि तळलेलं दिसेल. आपल्या मनात देऊळ म्हटलं की एक चित्र असतं. तिथे बुद्धविहाराच्या सोनेरी स्तूपाखाली डुकराच्या मांसाचे सॉसेज निखाऱ्यावर भाजत असतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तिथल्या थेरवाद बौद्ध परंपरेत मांस वर्ज्य नाही. भिक्षापात्रात पडेल ते भिक्खू खातात. प्राणी खास आपल्यासाठी मारला असं पाहिलं, ऐकलं किंवा तशी शंका आली, तरच ते नाकारायचं असा विनयाचा, म्हणजे भिक्खूंच्या आचारसंहितेचा, नियम आहे. हे आधी कळलेलं असलं तर आई कुतूहलाने बघेल. एकदम समोर आलं तर संध्याकाळ तिथेच संपली म्हणून समजा.

दुसरी गोष्ट नाम प्लाची. नाम प्ला म्हणजे मासे मिठात महिनोन् महिने मुरवून काढलेलं पातळ, तांबूस पाणी. थाई स्वयंपाकात मिठाचं काम बरंचसं तेच करतं. भाजी असो, नूडल्स असोत, सॅलड असो, त्यात ते असणारच असं धरून चाला. शिवाय कापि (कोळंबीचा मुरवलेला गोळा), नाम मान होय (कालवांचा दाट सॉस) आणि कुंग हॅंग म्हणजे सुकी कोळंबी आहेच. आईला सरळ विचारा, रेघ कुठे आखायची? दिसणारं मांस-मासे नकोत, एवढंच? की पदार्थात काहीच नको, पण कढई तीच असली तरी चालेल? की कढई-झाराही वेगळाच हवा? तिन्हींपैकी कुठलंही उत्तर आलं तरी बाजार जमतो, फक्त पदार्थ कमी-जास्त होतात. “तिला कुठे कळणार आहे” हा विचार मात्र मनातही आणू नका. नाम प्लाचा वास आयुष्यभर शाकाहारी राहिलेल्या नाकाला लगेच लागतो, आणि मग उरलेल्या प्रवासात तुमच्या हातचं काहीही ती संशयानेच घेईल.

आता बोलायचं कसं. ‘माय साय’ म्हणजे ‘घालू नका’. माय साय नाम प्ला, माय साय कुंग हॅंग, माय साय नाम मान होय. शेवटी बाईने बोलताना ‘खा’ लावायचं, ते आपल्या ‘हं’सारखं अदबीचं. इथे मराठी माणसाची एक सोय आहे. थाईत ‘काय’ म्हणजे कोंबडी आणि ‘खाय’ म्हणजे अंडं. सूर तोच, फरक फक्त क आणि ख चा. इंग्रजी बोलणाऱ्यांची इथे हमखास गफलत होते, आपली व्हायचं कारण नाही. ख वर जोर द्या, झालं. तरीही गर्दीत आवाज पोचत नाही, म्हणून हॉटेलच्या काउंटरवरून थाईत एक चिठ्ठी लिहून घ्या: मांस, मासे, नाम प्ला, कापि, कालवांचा सॉस, सुकी कोळंबी आणि अंडं नको. चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा. विक्रेते ती नीट वाचतात, आणि जमणार नसेल तर हात हलवून सांगतातही. असं ‘नाही’ म्हणणाऱ्या माणसावर जास्त विश्वास ठेवा.

‘शाकाहारी’साठी तिथे दोन शब्द चालतात. ‘मांगसाविरात’ म्हटलं की मांस नको पण अंडं-दूध चालेल असा अर्थ घेतला जातो, आणि नाम प्लाचं काय ते विक्रेत्याच्या समजुतीवर राहतं. तुमच्या कामाचा शब्द ‘जे’. “किन जे, खा” म्हणजे “मी ‘जे’ पद्धतीचं खाते”. ही चिनी वळणाची पद्धत आहे. तिच्यात मांस, मासे, अंडं, दूध तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणाऱ्या घरातल्या आईला हे समजवावं लागणार नाही. पिवळ्या पाटीवर किंवा झेंड्यावर लाल अक्षर, दिसायला थेट इंग्रजीत लिहिलेल्या १७ सारखं, ही त्याची खूण. पाटी दिसली की बिनधास्त विकत घ्या. मोठा जे उत्सव नऊ दिवसांचा असतो आणि साधारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात येतो. २०२३ आणि २०२४ मध्ये तो शारदीय नवरात्राबरोबरच सुरू झाला होता. त्या दिवसांत पिवळे झेंडे पावलापावलावर असतात. डिसेंबरात ते शोधावे लागतात.

आता फसगत नेमकी कुठे होते ते बघू. सगळ्यात जास्त होते ती पाद थाईत. तुम्ही “माय साय नाम प्ला” म्हणता, बाई मान डोलावते, समोर भाजी-टोफू घालून नूडल्स परतते, आणि तरी वास येतो. तिने फसवलेलं नसतं. बाजाराच्या गाडीवर पाद थाईचा रस, म्हणजे चिंच, साखर आणि नाम प्ला, बहुतेक वेळा घरूनच एकत्र करून पातेल्यात आणलेला असतो. त्यातून नाम प्ला वेगळी कशी काढणार? म्हणून मागणी देण्याआधी दोन मिनिटं उभं राहून बघा. एकाच पातेल्यातून पळीने रस ओतला जात असेल तर पुढे चला. वेगवेगळ्या बाटल्यांतून घालत असतील तर “साय सी-इव” म्हणा, म्हणजे सोया सॉस घाला. वरून भुरभुरवलेल्या बारीक गुलाबी काड्या दिसल्या तर ती सुकी कोळंबी.

सोम ताम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, प्रत्येकाला वेगळी कुटून देतात, त्यामुळे तिथे सांगून फरक पडतो. पण उखळ मध्ये धुतलं जात नाही. आधीच्या गिऱ्हाइकाची कोळंबी, खेकडा किंवा प्ला रा (मुरवलेल्या माशाचा दाट, उग्र रस) त्यातच असतो. आईची रेघ ‘तीच कढई चालेल’ अशी असेल तरच घ्या. एरवी सोडा.

उत्तर थायलंडचा एक पदार्थ मराठी माणसाला हमखास भुलवतो: नाम फ्रिक नुम. भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण आणि छोटे कांदे कुटलेले. अगदी ठेचाच दिसतो, आणि आईचा हात पहिल्यांदा तिकडेच जाणार. त्यात बहुतेकदा नाम प्ला किंवा मुरवलेला मासा असतो, आणि शेजारी पापडाच्या तुकड्यांसारखं जे ठेवलेलं असतं ते डुकराचं तळलेलं कातडं. खाओ सोय या प्रसिद्ध नूडल्सच्या रश्श्यातही वाटणात कापि असण्याचा संभव मोठा, शिवाय कोंबडी किंवा गोमांस असतंच. तो जे-भोजनालयातून दुसऱ्या दिवशी दुपारी खा. बाजारात तुम्ही एकटीने खुशाल घ्या.

खनोम बुआंग म्हणजे तव्यावरच्या कुरकुरीत, दुमडलेल्या छोट्या चकत्या. वरची पांढरी साय अंड्याच्या पांढऱ्याची असते, पिवळे धागे बलकाचे, आणि केशरी खोबरं दिसतं त्यात बऱ्याचदा कोळंबी कुटून घातलेली असते. केळ्याची रोटी घेताना “माय साय खाय” सांगा. पिठात अंडं असू शकतं, पण ते तुमच्या आईच्या ‘दिसलं नाही तर’मध्ये बसतं. इनोकी मशरूमच्या जुड्या काडीला लावून भाजतात. कडेला तांबडी पट्टी दिसली तर ते बेकन.

एवढं टाळून मग काय खायचं? सुरुवात खनोम क्रोकने करा, आणि घेण्याआधी बनताना बघा, आईला ते फार आवडेल. बिडाचं मोठं आप्पेपात्र असतं. बाई आधी तांदळाचं पातळ पीठ प्रत्येक खळग्यात पाऊणपर्यंत ओतते. कडा धरायला लागल्या की वर दाट नारळाचं दूध घालते, त्यात साखरेबरोबर मीठही असतं. मग चिमूटभर कांद्याची पात, मक्याचे दाणे किंवा अळकुडीचे बारीक तुकडे टाकून झाकण ठेवते. खालून तांबूस कुरकुरीत, वरून मऊ थरथरतं झालं की चमच्याने सोडवून दोन वाट्या एकावर एक उपड्या घालून एक गोळा करते. साधारण सहा ते आठ एका डबीत. लगेच तोंडात टाकू नका. बाहेरून कोमट लागतं, आतलं नारळाचं दूध उकळतं असतं, आणि जीभ भाजली की पुढची संध्याकाळ बेचव. दोन मिनिटं झाकण उघडं ठेवा. झाकण बंद राहिलं तर वाफेने कुरकुरीतपणा जातो. आई “हे गोड की खारट?” विचारेल. तिथे नारळाचं गोड असं सगळंच खारट धारेचं असतं, नासलेलं नाही हे आधीच सांगून ठेवा.

त्यानंतर खाओ लाम. बांबूच्या नळीत चिकट तांदूळ, नारळाचं दूध, साखर आणि काळा घेवडा भरून निखाऱ्यावर भाजलेला. थंडीतला हा खास पदार्थ. नळी सोलून द्यायला सांगा, घरी ती फोडणं कष्टाचं आहे. आईला कवळी असेल तर मात्र सांभाळून: चिकट तांदूळ कवळी उचलतो. छोटे घास, सोबत पाणी. भाजलेलं केळं, भाजलेलं रताळं आणि उकडलेल्या शेंगा बिनधोक. मक्याच्या कणसाला काही जण मार्गरीन किंवा नारळाचं दूध फासतात, तेही आईला चालेल. तळलेलं टोफू आणि शेंगदाण्याचा चिंचेचा रस ही जोडी चांगली, पण कढईत आधी काय तळलं ते पाहून.

आंबा आणि चिकट भाताची सगळी जाहिरात तुम्ही वाचली असेलच. विकत बारा महिने मिळतो, पण तो खरा मार्च ते मे या दिवसांतला. डिसेंबरातला आंबा महाग आणि फिका. हापूसवर वाढलेल्या माणसाला तो खाऊ घालून वर “कसा आहे?” विचारू नका. त्याऐवजी डोंगरातल्या स्ट्रॉबेरी घ्या, डिसेंबरात त्यांचा हंगाम सुरू झालेला असतो. खोलीवर नेऊन धुऊन खा. बाकी डिसेंबर निवडलात ते उत्तमच. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत शेतं आणि रानं जाळल्याचा धूर चिआंग माईवर साठतो, आणि वयस्कर माणसाच्या छातीला तो आंब्याच्या मोहापायी झेपणारा नाही.

साखरेचं बघू. चिकट भात रक्तातली साखर भरभर चढवतो, आणि वरचे बहुतेक पदार्थ भात, नारळ, साखर याच घराण्यातले. म्हणून एक डबी दोघींत, हाच नियम. खनोम क्रोक, खाओ लाम आणि रोटी तिन्ही एका संध्याकाळी नकोत, दोन निवडा. पेयांमध्येच सगळ्यात जास्त साखर लपते. थाई चहात कंडेन्स्ड दूध ओततात, “वान नॉय” म्हणजे कमी गोड असं सांगितलं तरी आपल्या हिशेबाने तो गोडच. शहाळं घ्या, नाहीतर साधं पाणी.

गोळीच्या वेळेकडे तर नीट लक्ष द्या. आई ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन घेत असेल आणि तिने सवयीने ती खोलीवरून निघताना घेतली, मग दीड तास चालणं झालं आणि पोटात काहीच नाही, तर साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं ही लक्षणं. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर ही भीती फार कमी. निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, “जेवण बाजारात तुकड्यातुकड्याने होणार आहे, गोळी कधी घेऊ?” आणि पर्समध्ये ग्लुकोजच्या गोळ्या ठेवा. रक्तदाब असेल तर रश्शाचं पाणी पिऊ नये, मीठ त्यातच असतं.

वेळ आणि जागा. बाजार था फे वेशीपासून पश्चिमेकडे राचदमनेन रस्त्यावर वाट फ्रा सिंगपर्यंत (थाईत ‘वाट’ म्हणजे देऊळ), साधारण एक किलोमीटर. दुपारी चारनंतर मांडामांड सुरू होते. सात ते नऊ डिसेंबरात खांद्याला खांदा लागतो आणि दुखऱ्या गुडघ्यांचं माणूस त्या गर्दीत आपल्या चालीने चालूच शकत नाही. पाचला पोचा, साडेसातला निघा. संपूर्ण रस्ता करायचा हट्ट नको. वेशीकडून आत शिरा, उजव्या-डाव्या आवारांत डोकावत वाट फान ऑनपर्यंत जा. तिथल्या सोनेरी स्तूपाच्या आवारात खाण्याच्या गाड्या आणि टेबलं असतात. टेबल आधी धरा. स्टुलं बुटकी आणि बिनपाठीची असतात, उठताना गुडघ्यांवर सगळा भार येतो. पाठीची खुर्ची दिसली तर एक आईसाठी मागून घ्या, नाही तर दोन स्टुलं एकावर एक ठेवली की उंची बरी होते. पहिली फेरी तिच्याबरोबर, काहीही विकत न घेता. काय घ्यायचं ते तिने बोट दाखवून ठरवावं. मग ती बसेल आणि तुम्ही आणाल. उलटं केलंत, म्हणजे तिला बसवून तुम्हीच निवडून आणत राहिलात, तर ती पाहुणी होते, आणि पाहुणी “पुरे गं” म्हणायला लागते. तुमची चिकन साते तिच्यासमोर खायची का, हे तिलाच विचारा. आपल्याकडच्या आया याला सरावलेल्या असतात.

सहाच्या ठोक्याला ध्वनिक्षेपकावर राष्ट्रगीत लागतं आणि सगळा बाजार जागच्या जागी थांबतो. काडीवरचं मक्याचं कणीस हातात असलं तरी उभं राहायचं, खाणं थांबवायचं. एखाद्या मिनिटात सगळं पूर्ववत होतं. आईला आधी कल्पना द्या, नाहीतर ती एकटीच चालत राहील.

आवारात चपला चालतात, विहाराच्या पायरीशी काढायच्या. आईला आत दर्शन घ्यायचं असेल तर खाणं संपवून, खांदे-गुडघे झाकून. साडी किंवा पंजाबी ड्रेस तर आहेच, वर एक शाल ठेवा, डिसेंबरात रात्री गारवा असतो. बसताना पाय मूर्तीकडे करू नयेत. भिक्खूंना स्पर्श करायचा नाही, त्यांच्या हातात थेट काही द्यायचं नाही. पाया पडायला जाण्याची आपली सवय इथे आवरा, लांबूनच नमस्कार. आवारात स्वच्छतागृह असतं, कधी दोन-चार बाट, कधी दानपेटी. कागद आपला न्या आणि वापरलेला भांड्यात नाही, डब्यात टाका.

पोट बिघडू नये म्हणून दोनच गोष्टी. समोर गरम होत असलेलं आणि जिथे माल भराभर संपतोय असं खा. आणि नारळाच्या दुधाचं गोड संध्याकाळी लवकर खा, रात्री उशिरा नको, कारण ते उबेत लवकर आंबतं. बर्फ मध्ये भोक असलेला नळकांडी आकाराचा असेल तर तो कारखान्यातला, चालतो. फोडलेल्या लादीचा चुरा टाळा. इलेक्ट्रालची पाकिटं इथूनच न्या. तिथल्या अडचणीला रुग्णवाहिका १६६९, पर्यटक पोलीस ११५५.

पैसे रोख, २०, ५० आणि १०० बाटच्या नोटांत. बहुतेक पदार्थ २० ते ८० बाटच्या दरम्यान आहेत. हजाराची नोट पुढे केली तर गाडीवाल्या बाईला चार दुकानं फिरावं लागतं. सेव्हन-इलेव्हनमध्ये पाण्याची बाटली घेऊन आधीच मोडून ठेवा. परत जाताना लाल साँगथेव, म्हणजे मागे बाकं बसवलेली सामायिक पिकअप गाडी, स्वस्त पडते, पण मागची पायरी उंच. गुडघ्यांसाठी ग्रॅब या ॲपवरून बोलावलेली मोटार बरी. बाजाराचा रस्ता बंद असतो, म्हणून वेशीबाहेर खंदकाच्या रस्त्यावर येऊनच गाडी बोलवा. त्याआधी रस्त्याकडेला ओळीने मांडलेल्या मालिशवाल्यांच्या खुर्च्यांवर अर्धा तास पाय चोळून घ्या. गुडघ्यावर दाब नको एवढं बोटाने दाखवायचं.

शनिवारीही तिथे असाल तर वुआ लाय रस्त्यावर असाच बाजार भरतो, पदार्थ बरेचसे तेच. जवळच वाट सी सुफान हे चांदीकामाचं देऊळ आहे. त्याच्या मुख्य चांदीच्या गाभाऱ्यात बायकांना प्रवेश नाही, बाहेरूनच पाहावं लागतं. आईला हे चालणार असेल तरच तो शनिवार ठेवा.